खांब कुणाचा, भार कुणावर?

रविवारी वसई किल्ल्यात भटकून आलेली आपल्या हॉस्टेलची मंडळी पडक्या चर्चचे फोटो दाखवतात आणि ठोकून देतात, "रोमन स्टाईल आहे रे!" मग मुंबईचा टाऊन हॉलही रोमन, आणि नव्या टॉवरच्या गेटला चिकटवलेले खांबही रोमनच. निदान सिव्हिलच्या पोरांनी तरी असं बोलू नये, म्हणून हा खटाटोप.

किल्ल्यातली चर्च पोर्तुगीजांची, रेनेसाँच्या वळणाची. तिथे दारावरचा भार कमान पेलते. बाजूचे खांब मुख्यतः शोभेचे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीत, ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियमचं उत्खनन सुरू झालं. १७४८ ला पाँपेईचं. खऱ्या जुन्या इमारती लोकांनी टेप लावून मोजल्या आणि बरोकच्या नक्षीला विटलेल्या युरोपात नवअभिजात शैलीने जोर धरला. म्हणजे वसईत पोर्तुगीज होते तोवर तिचा नीट जन्मही झाला नव्हता!

तिच्या शाखा बऱ्याच. इंग्लंडात पॅलाडिओच्या धर्तीची घरं आधीपासून होतीच, नेपोलियनच्या फ्रान्सात थाटाची 'एम्पायर' शैली आली. आपल्याला जवळची ती 'ग्रीक रिव्हायव्हल'. कर्नल थॉमस कूपरने आराखडा केलेला, १८३३ ला पुरा झालेला टाऊन हॉल (एशियाटिक सोसायटी) तिचा उत्तम नमुना. तीस पायऱ्या, वर आठ डोरिक खांब, त्यांवर त्रिकोणी माथा. कमानीचा थाट नाही. जवळच्या टांकसाळीचे खांब आयोनिक, म्हणजे डोक्याशी शिंगासारखी गुंडाळी असलेले. मला विचाराल तर डोरिकच भारी. उगाच नखरा नाही.

आता आपला विषय. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. आडवा दगडी तुळवा लांब केला की खालून तडकतो. म्हणून ग्रीकांनी खांब जवळजवळ उभे केले. ते सौंदर्य आधी गरजेतून आलं. आरसीसीत ताण सळई घेते, त्यामुळे टॉवरच्या गेटवरचा पीओपीचा खांब काहीच उचलत नाही. टिचकी मारून बघा, पोकळ वाजतो.

टाऊन हॉल बघायचा तर चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलकडे चालत जा. फोटो पायऱ्यांच्या खालूनच काढा, वर गेल्यावर त्रिकोण दिसत नाही.