प्लेट निघाली, भोकं राहिली

मैत्रिणींनो, मांडीच्या हाडातली प्लेट काढून बाई घरी आली की सगळ्यांना हायसं वाटतं. ‘सुटलीस गं एकदाची!’ म्हणतात आणि पंधरा दिवसांत तिच्या कमरेवर पुन्हा पाण्याची कळशी चढते. खरं तर जपायचे दिवस इथूनच सुरू होतात.

प्लेट स्क्रूने हाडाला बसवलेली असते. स्क्रू काढले की तेवढी भोकं हाडात उरतात. लुगड्याला एवढंसं भोक पडलं, तर ताण बसल्यावर ते तिथूनच टरकतं ना? हाडाचंही तसंच. अंगाचा सगळा जोर त्या भोकाच्या कडेला एकवटतो. त्यातही पाऊल जमिनीवर रोवलेलं आणि अंग गर्रकन वळलं, तर हाडाला पीळ बसतो, तो जास्त वाईट. हाडाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढं भोक असलं तर पीळ सोसायची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय इतके दिवस भार प्लेटने उचललेला, त्यामुळे खालचं हाड थोडं आळशी, विरळ झालेलं असतं. भोकं भरून हाड पुन्हा घट्ट व्हायला काही महिने लागतात. बाहेरचे टाके मात्र दोन आठवड्यांत सुकतात, आणि घरचे बघतात ते टाकेच.

आमच्या बचत गटातली एक सून अशीच. प्लेट काढल्यावर महिन्याच्या आत ओल्या मोरीत पाय सरकला आणि हाड जुन्या भोकातूनच मोडलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा कर्ज. सासूबाई म्हणाल्या, ‘नशीब!’ मला नाही पटलं ते.

खुब्याचं हाड मोडल्यावर स्क्रू घालतात, तिथेही हेच. मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू उभं राहताना ताणली जाते. तिथे स्क्रू फार खालून घातला, किंवा ड्रिल चुकून रिकामं भोक राहिलं, तर त्याच्याखाली नवं फ्रॅक्चर होऊ शकतं. म्हणून सर्जन जागा फार जपून निवडतात.

आणि प्लेट काढलीच पाहिजे असंही नाही. वयस्कर बाईला ती त्रास देत नसेल तर बरेच डॉक्टर आतच राहू देतात. शेजारीण म्हणते म्हणून काढायला धावू नका. काढायचीच ठरली तर आधी विचारून घ्या: वॉकर कधी सोडू? उकिडवी कधी बसू? कळशी कधी उचलू? आणि हे विचारताना नवऱ्याला, सासूलाही सोबत बसवा. डॉक्टरांचं उत्तर त्यांच्याही कानावर पडू दे.