टेकू पक्का, तर मोजणी खरी

विजापूरच्या तटावरची मुलूखमैदान तोफ पाहून आलेली मंडळी या सभेत पुष्कळ असतील. ती तोफ ओतली गेली ती मात्र आपल्या नगरात, निजामशाहीच्या काळी, १५४९ साली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. तोफेला इतके वजन कशाला, असे लहान मूलही विचारते. जाड भिंतीची नळी फुटत नाही हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की, गोळा पुढे जाताना तोफेला मागे रेटतो आणि जड वस्तू कमी हलते. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो तेव्हा राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांना तो आवाज ऐकू येतो. त्या रणगाड्याचा अजस्र देहही एका परीने तोफेचा टेकूच असतो.

आज आम्ही तोफेविषयी बोलणार नाही. साध्या .२२ रायफलीच्या पुढच्या टेकूविषयी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, परंतु या टेकूपायी एका कामगाराच्या घरचे पैसे वाया गेले आणि त्याच्या मुलीवर विनाकारण ठपका आला, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. ५० मीटरच्या स्पर्धेत टेकू नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा आणि मध्य रेल्वेच्या नोकरीतला स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, स्वतःच्या शरीराच्या आधारावर. मग टेकू लागतो कोठे? काडतुसांची पारख करताना. परदेशांतले काही हौशी नेमबाज दारूचे वजन कमीजास्त करून स्वतः काडतुसे भरतात आणि कोणते प्रमाण आपल्या रायफलीला मानवते ते टेबलाशी बसून तपासतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, आणि .२२ ची काडतुसे तर सर्वत्र तयारच घेतात. म्हणून आपला नेमबाज निरनिराळ्या लॉटांची थोडीथोडी काडतुसे घेतो आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल त्याच्या पेट्या वर्षभरासाठी घेऊन ठेवतो. एकाच कारखान्याचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

आता ती हकिगत. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटरची मुलगी रायफल चालवते. बापाने पतपेढीचे कर्ज काढून काडतुसे घ्यायचे ठरवले. तीन लॉट आणले. शाळेतल्या बाकासारखे एक हलके टेबल मांडले, त्यावर गव्हाची पिशवी ठेवली, पिशवीवर रायफल टेकवली आणि प्रत्येक लॉटाच्या पाच पाच गोळ्या झाडल्या. ज्याचा पुंजका सर्वांत लहान आला त्याच्या पेट्या घेतल्या. पुढे हंगामभर मुलीचे गुण घसरत गेले. "पोरीचे लक्ष नाही," असे जो तो म्हणू लागला. आम्ही तीस वर्षे कारखान्यांतून कामाच्या मोजणीवर भांडत आलो आहोत. बोथट हत्यार हाती देऊन घड्याळ लावायचे आणि कामगार मंद आहे असे लिहायचे, हा प्रकार आमच्या ओळखीचा. म्हणून आम्ही त्या बापाला इतकेच विचारले, की मुलीला मोजलेत, काडतुसांना मोजलेत, पण ज्याने मोजलेत त्याला कोणी मोजले का?

टेकूला एवढे महत्त्व का, ते हिशेबानेच पाहू. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. रायफल साडेपाच किलोची आणि नळी ६५ सेंटिमीटर लांबीची धरा. गोळी नळीत पुढे धावते त्याच वेळी रायफल मागे सरकते, आणि गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत ती सुमारे ०.३ मिलिमीटर मागे गेलेली असते. म्हणजे गोळी अद्याप नळीत असतानाच रायफल टेकूवरून घसरू लागते. तीनशे आठ जातीच्या मोठ्या रायफलीत हेच अंतर दीड मिलिमीटरच्या घरात जाते. ही घसरण प्रत्येक वेळी सारखी झाली तर बिघडत नाही, कारण सर्व गोळ्या सारख्याच ढळतील. ती एकदा सरळ आणि एकदा तिरपी झाली की घात झाला. पुढचा टेकू आणि मागची पिशवी यांत ७५ सेंटिमीटर अंतर असेल, आणि चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत रायफलीचे पुढचे टोक कागदाच्या जाडीइतके, म्हणजे ०.१ मिलिमीटर, बाजूला गेले, तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ ७ मिलिमीटर ढळते. त्या अंतरावरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळच मुळी १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते!

कोणी म्हणेल, टेकूची चूक सर्व लॉटांना सारखीच लागणार, मग चांगला लॉट वर येईलच. तसे होत नाही. दोन स्वतंत्र चुका एकत्र येतात तेव्हा त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. समजा एका लॉटाचा स्वतःचा फैलाव १० मिलिमीटर आहे, दुसऱ्याचा १२ आहे आणि डळमळत्या टेकूचा १५ आहे. मग कागदावर दिसतील १८ आणि १९.२. खरा फरक दोनाचा होता, तो सव्वावर आला आणि मोठ्या आकड्यांत बुडून गेला. तेच टेकूचा फैलाव ३ असेल तर कागदावर १०.४ आणि १२.४ दिसतील, म्हणजे फरक शाबूत राहिला. यातून दुसरीही गोष्ट निघते. टेकूचा दोष काडतुसांच्या दोषाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खाली आला की पुरे. त्यापुढे कितीही महाग टेकू घेतला तरी हाती विशेष काही लागत नाही. गरीब माणसाने हे ध्यानात ठेवावे.

आता निवड. पहिली गोष्ट बैठक. ती जड हवी आणि तीन पायांची हवी. चार पायांचे टेबल उंचसखल जागी डुगडुगते, तिवई कधी डुगडुगत नाही. पायांची टोके अणकुचीदार असली तर ती लाकडात रुततात आणि सरकत नाहीत. खालचे टेबलही तितकेच भक्कम हवे, दगडी किंवा काँक्रीटचे असल्यास उत्तम. अमेरिकेत डॉ. फ्रँकलिन मान नावाच्या वैद्यकाच्या पदवीधराने गोळीच्या मार्गाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९०९ साली ग्रंथ लिहिला. त्याने नळीसाठी काँक्रीटचा अचल चौथराच बांधला होता आणि त्याला जिब्राल्टरच्या खडकाचे नाव दिले होते.

दुसरी गोष्ट उंचीचा स्क्रू. तो बारीक आट्यांचा असावा आणि कसल्यावर त्यात खेळ राहू नये. कसताना नेम सरकतो असा स्क्रू घेऊ नये. आडवा नेम हलवण्याची सोय असली तर बरे, नसली तरी अडत नाही.

तिसरी गोष्ट वरची पिशवी, आणि बहुतेक चुका येथेच होतात. कातड्याची किंवा जाड कॅनव्हासची पिशवी घ्यावी. तीत धुऊन, वाळवून, चाळलेली वाळू ठासून भरावी. गहू, भुसा किंवा कापूस भरू नये. भुसा आणि कापूस दबून पुन्हा उसळतात, गहू दर गोळीला सरकून नवा खळगा करतो. पिशवीचा आकार दस्त्याच्या पुढच्या भागाला जुळावा. सपाट दस्त्याला सपाट पिशवी, गोल दस्त्याला खोबणीची. रायफल अडखळत असेल तर पिशवीवर शंखजिऱ्याची पूड चोळावी, म्हणजे घसरण सारखी होते.

चौथी गोष्ट जागा. टेकू दस्त्याखाली असावा, नळीखाली कधीही नसावा. गोळी सुटताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, तिला कोठेही स्पर्श झाला की गोळीची जागा बदलते. पट्ट्याची कडीही पिशवीला अडकू देऊ नये. दर वेळी रायफल त्याच खुणेवर आणून ठेवावी, त्यासाठी पुढे एक अडण असली तर सोपे पडते. आणि मागच्या बाजूला वाळूची दुसरी पिशवी हवीच. एकट्या पुढच्या टेकूने काम होत नाही.

दस्त्याला जोडायचे दोन पायांचे घडीचे टेकू मिळतात. ते मैदानात सोयीचे, परंतु कठीण टेबलावर उडी मारतात, म्हणून पारखीसाठी आम्ही ते सुचवणार नाही. रायफल जखडून ठेवणारे साचेही असतात. बर्मिंगहॅमच्या इलीकडे आणि जर्मनीतल्या लापुआकडे नेमबाजाची नळी अशीच पक्की धरून त्याच्यासाठी लॉट निवडतात. .२२ ला ते चालते. मोठ्या रायफलीला मागे सरकू न देता जखडले तर तो धक्का दस्त्याला आणि दुर्बिणीला सोसावा लागतो.

टेकू घेतल्यावर आधी त्याचीच परीक्षा करावी. रायफल रिकामी आहे याची दोघांनी खात्री करावी. दुर्बिणीतून नेम लावावा, रायफल बोटभर पुढेमागे सरकवून पुन्हा खुणेवर आणावी आणि नेम त्याच जागी येतो का पाहावे. असे दहा वेळा करावे. मग कवायतीचे नकली काडतूस घालून चाप ओढावा आणि नेम हलतो का ते पाहावे. .२२ मध्ये नकली काडतुसाशिवाय चाप ओढू नये, आघाताची पिन नळीच्या कडेवर आदळते.

शेवटी गोळ्यांची संख्या. तीन गोळ्यांचे पुंजके सरासरी १० मिलिमीटरचे येत असतील, तर त्याच रायफलीतून त्याच काडतुसांचे पाच गोळ्यांचे सुमारे १३ चे येतात आणि दहा गोळ्यांचे सुमारे १६ चे. शिवाय पाच गोळ्यांचा एखादा पुंजका ९ चा आणि पुढचा १६ चा, हा नुसता योगायोगाचा खेळ असू शकतो. म्हणून एका पुंजक्यावर पैसे लावू नयेत. प्रत्येक लॉटाच्या निदान वीस गोळ्या, त्याही पाच पाच करून पाळीपाळीने झाडाव्यात, म्हणजे वाऱ्याचा फेर सर्वांना सारखा लागतो. लॉट बदलला की पहिल्या पाच गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण नळीत आधीच्या काडतुसांचे मेण राहिलेले असते. आणि दोन लॉटांत एकदोन मिलिमीटरचाच फरक पडला, तर स्वस्त असेल तो घ्यावा.

त्या फिटरने मग स्वतःच टेकू केला. भंगारातल्या जीपच्या ब्रेक ड्रमला तीन भोके पाडून टोकदार बोल्ट बसवले, वर स्क्रूची दांडी उभी केली आणि चांभाराकडून कातड्याची पिशवी शिवून घेतली. तिन्ही लॉट पुन्हा तपासले, आठवड्याने आणखी एकदा तपासले. कर्ज काढून घेतलेला लॉट तिन्हींत वाईट ठरला, आणि गव्हाच्या पिशवीवर सर्वांत मागे पडलेला लॉट दोन्ही वेळा पुढे आला. पोरीचे लक्ष ठिकाणावरच होते. उरलेल्या पेट्या तिने सरावात संपवल्या. कर्जाचे हप्ते मात्र बाप अजून फेडतो आहे.