खुणांची भाषा, न्यायाची वाट

लैंगिक अत्याचाराची तक्रार देणे कोणत्याही स्त्रीला सोपे नसते. जिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा घडलेल्या घटनांची संगती लावता येत नाही, तिच्यापुढील अडचण तर निराळीच असते. तिचे म्हणणे समजून घेणारे कोणी नसेल, तर तक्रार पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही.

न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली फौजदारी कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांत या अडचणीची दखल घेण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्या तरतुदी कायम आहेत. पीडित व्यक्ती शारीरिक वा मानसिक दृष्ट्या दिव्यांग असल्यास पोलीस अधिकाऱ्याने तिच्या घरी अथवा ती निवडील त्या सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षक यांच्या उपस्थितीत फिर्याद नोंदवावयाची असते. तिचे चित्रीकरणही करावे लागते. पुढे दंडाधिकाऱ्यांनी नोंदविलेला जबाब खटल्यात सरतपासणीच्या जागी धरला जातो. उलटतपासणी तेवढी उरते. न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष ही कायद्याने तोंडी साक्षच होय.

या साऱ्या व्यवस्थेची भिस्त दुभाषावर आहे आणि खरी उणीव तेथेच जाणवते. कर्णबधिरांच्या शाळेत गेलेली मुलगी भारतीय सांकेतिक भाषा जाणते. परंतु शाळेचे तोंडही न पाहिलेल्या खेड्यातील मुलीच्या खुणा घरापुरत्याच असतात. त्या बहुधा आईलाच उमगतात. अशा वेळी शहरातून आलेला दुभाषाही निरुत्तर होतो. आईलाच दुभाषा करावे, तर आरोपी नात्यातला असल्यास तिच्यावर घरचे दडपण येण्याचा संभव, आणि बचाव पक्ष तिच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवणार ते वेगळेच. म्हणून तालुक्यातील विशेष शिक्षकांची नावे पोलीस ठाण्यात आधीपासून नोंदलेली असणे अगत्याचे आहे. शिक्षकाला मुलीच्या सहवासात थोडा अवधी मिळाला, तर पुष्कळ उलगडा होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला तारीख-वेळ विचारण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता काय, असे विचारल्यास ती नेमके सांगू शकते.

दिव्यांगाची साक्ष दुबळीच, हा समज मात्र अद्याप गेलेला नाही. आंध्र प्रदेशातील एका खटल्यात जन्मतः दृष्टिहीन तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष ग्राह्य धरली आणि केवळ दिव्यांगत्वामुळे साक्षीचे मोल कमी लेखू नये, असे स्पष्ट केले. प्रशिक्षित दुभाषे व विशेष शिक्षक नेमण्याची आवश्यकताही त्याच निकालात प्रतिपादिली आहे.

उपचारासाठी फिर्यादीची वाट पाहण्याचे कारण नाही. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर विनामूल्य व तात्काळ उपचार केलेच पाहिजेत. ते नाकारणे हा गुन्हा आहे. राज्यात २०१३ पासून सुरू असलेल्या मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असून तेथे मोफत वकीलही मिळू शकतो. तातडीच्या प्रसंगी पोलिसांसाठी ११२ आणि बालकांच्या बाबतीत १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. दूरध्वनीवर बोलू न शकणाऱ्या पीडितेच्या वतीने शेजारी, शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका यांनाही ते वापरता येतात.