अपूर्णविरामाच्या पुढचं वाचा

संगणकावर मी बोलणार, हे ऐकून माझ्या मित्रांना हसू आलं. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन, आणि पुढे कविता. पण २०१४ सालच्या जुलैत एका न सुरू होणाऱ्या प्रोग्रामपुढे मी अख्खा दिवस बसून काढला. त्या दिवशी जे कळलं, ते माझ्यासारख्या बिगरतांत्रिक माणसालाही उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हे धाडस.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. तिथे मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत, काहींची पानं हात लावताच तुटतात. कोणत्या अंकात कोणाचा लेख, कोणाची कविता, याची सूची आमच्या ग्रंथपाल बाई दोन वर्षं रोज दुपारी संगणकावर उतरवत होत्या. कागदावर त्यातली एक ओळही नव्हती. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत. त्याने त्या मशीनवर लिनक्स घातलं होतं आणि सूचीसाठी ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस सर्व्हर बसवून दिला होता. दोन्ही विनामूल्य, वाचनालयाला परवडणारं.

सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीतली मोठी यंत्रं डोळ्यांपुढे येतात. मुळात मात्र तो एक प्रोग्राम असतो. वाचनालयाच्या खिडकीशी बसलेल्या माणसासारखा. तुम्ही चिठ्ठी द्या, तो आत जाऊन हवं ते काढून आणतो. कोणी आलं नाही तरी तो जागेवर बसून असतो. पडद्यामागे असे चालू राहणारे जे प्रोग्राम असतात, त्यांना युनिक्सच्या जगात ‘डीमन’ म्हणतात. माझ्या दादीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणजे जिनच की. हाक मारली की हजर, एरवी दिसणार नाही.

युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिची सुरुवात केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं लिनक्स हे त्याच वळणाचं. या घराण्याचा एक स्वभाव आहे. सगळं नीट झालं तर ते गप्प राहतं, आणि बिघडलं तर एका ओळीत सांगून मोकळं होतं. आपल्याला समजूत घालणारी माणसं आवडतात, म्हणून ही एक ओळ आपण वाचतच नाही.

तर त्या दिवशी रात्रभर वीज येत-जात होती. सकाळी बाईंचा फोन आला, “सर, मशीन चालू झालंय, पण सूची उघडत नाही.” मी गेलो. पडद्यावर पोस्टग्रेसच्या नावापुढे ‘फेल्ड’ एवढाच शब्द. आम्ही मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा ‘फेल्ड’. मग एका माहितगार माणसाला बोलावलं. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांचा हेतू चांगलाच होता.

त्यांनी आधी ‘रूट’ म्हणून प्रवेश केला. रूट म्हणजे युनिक्समधला सर्वाधिकारी, त्याला कुठलंच दार बंद नाही. त्या अधिकारात त्यांनी पोस्टग्रेस चालू करून पाहिलं, तर त्याने साफ नकार दिला. रूटच्या हातून मी चालणार नाही, असं हा सर्व्हर स्पष्ट सांगतो. मला ते विक्षिप्त वाटलं होतं. नंतर कारण कळलं. बाहेरच्या लोकांशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या असल्या, तर त्याला फसवणाराही सगळ्या घराचा मालक होतो. म्हणून त्याच्यासाठी ‘पोस्टग्रेस’ नावाचाच एक साधा वापरकर्ता केलेला असतो, आणि त्याच्याच हातून त्याला उठवायचं असतं.

मग त्या गृहस्थांनी सर्रास केला जाणारा उपाय केला. माहितीच्या फोल्डरवर सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले. युनिक्सच्या आकड्यांत याला ‘७७७’ म्हणतात: मालक, त्याचा गट आणि बाकी दुनिया, तिघांनाही वाचायला, लिहायला, आत जायला मोकळीक. तरीही ‘फेल्ड’. डिस्क बिघडली असेल म्हणून त्यांनी एक लहानशी फाईल तयार करून पाहिली, ती झाली. “डिस्क चांगली आहे,” ते म्हणाले. मग फोल्डर चाळता चाळता त्यांना ‘पीजी-एक्सलॉग’ नावाचं फोल्डर सापडलं. आत सात-आठ फायली, प्रत्येक बरोबर १६ एमबीची, उघडल्या तर अगम्य चिन्हं. “हे जुने लॉग आहेत. पुसून टाकू, आणि प्रोग्राम नव्याने घालू.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बॅकअप आहे ना? रोज रात्री दोन वाजता सूचीची एक प्रत आपोआप तयार व्हायची. बाईंनी ती फाईल दाखवली. आकार शून्य. ती रोज त्याच नावाने आधीच्या प्रतीवर लिहिली जायची, त्यामुळे कालची नाही, परवाची नाही, कुठलीच नाही.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भाच्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, “मामू, आधी काहीही पुसू नका.”

मी त्याला पडद्यावर काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला, ‘फेल्ड’ ही तक्रार नव्हे, ती फक्त बातमी आहे. तक्रार लॉगमध्ये असते. लॉग म्हणजे प्रोग्राम स्वतःची डायरी लिहितो ती मजकुराची फाईल. आम्ही ती उघडली, तर शेवटची ओळ रात्री दोननंतरची आणि अर्ध्या शब्दात तुटलेली. हे ऐकून तो क्षणभर गप्प झाला. आता वाटतं, त्याला तेव्हाच अंदाज आला असावा. “ठीक आहे,” तो म्हणाला, “त्याला पडद्यामागे पाठवू नका, समोरच चालवू. म्हणजे जे बोलायचं ते आपल्या तोंडावर बोलेल.” त्याने एकेक अक्षर सांगितलं, मी टंकलं. आज्ञा इथे उच्चारून दाखवण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की सर्व्हर त्याच्या स्वतःच्या वापरकर्त्याच्या नावाने, पडद्यासमोर चालवला.

आणि तो बोलला. म्हणाला, माहितीच्या फोल्डरात बाहेरच्यांना प्रवेश आहे, परवानगी ०७०० हवी. म्हणजे मालकाला सगळं, बाकी कोणालाही काही नाही. सकाळी केलेला उपायच आता आडवा आला होता. पोस्टग्रेस उठल्याबरोबर आधी आपल्या कोठाराचं दार बघतो. ते सताड उघडं असेल तर आत पाऊलच टाकत नाही. (२०१८ मध्ये आलेल्या ११व्या आवृत्तीपासून त्याच गटातल्यांना फक्त वाचण्याची मुभा चालते, बाकीच्यांना अजूनही नाही.) आम्ही परवानगी पूर्ववत केली आणि पुन्हा चालवलं.

आता नवी तक्रार आली: ‘कुड नॉट राइट लॉक फाईल पोस्टमास्टर डॉट पीआयडी’, पुढे अपूर्णविराम, आणि मग ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

माहितगार गृहस्थ लगेच म्हणाले, लॉक फाईल अडकली आहे, ती उडवा. शोधली तर ती फाईल नव्हतीच. भाचा फोनवर हसला. “मामू, तुम्ही व्याकरणवाले. अपूर्णविरामाच्या आधीचं नका बघू, पुढचं वाचा.”

माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट ही. युनिक्सवरच्या प्रोग्रामची तक्रार पुष्कळदा दोन तोंडांची असते. अपूर्णविरामाच्या आधी प्रोग्राम सांगतो, मी काय करायला गेलो होतो. अपूर्णविरामाच्या पुढे खुद्द कार्यप्रणाली सांगते, मी त्याला का अडवलं. पुढच्या अर्ध्या भागाचे शब्द ठरलेले असतात आणि त्यांना क्रमांकही असतात. लिनक्समध्ये २ म्हणजे अशी फाईल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे जागा नाही, ९८ म्हणजे हा पत्ता आधीच वापरात आहे. प्रोग्राम कुठलाही असो, हे शब्द तेच.

आमचा क्रमांक २८. डिस्क भरली होती, शंभर टक्के.

मग सकाळी नवी फाईल कशी तयार झाली? ती रूटने केली होती. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-रचनेत सुमारे पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. हेतू हा, की बाकी सगळ्यांची जागा संपली तरी घर आवरायला मालकाला उभं राहता यावं. म्हणून रूटला जागा दिसत होती आणि बिचाऱ्या पोस्टग्रेसला नव्हती. सर्वाधिकारी होऊन तपासणी केली, की साध्या माणसाची अडचण दिसत नाही, हे मला सरकारी कचेऱ्यांमुळे ठाऊक होतं. संगणकातही तसंच असेल असं वाटलं नव्हतं.

आणि डिस्क भरली कशाने? वाचनालयात झालेल्या कविसंमेलनाचं चित्रीकरण त्या शनिवारी त्याच मशीनवर उतरवून ठेवलं होतं, माझ्याच आग्रहावरून. माझ्या तीन कविता होत्या त्यात. त्यानंतर रात्रीच्या बॅकअपला जागा उरली नाही म्हणून तो शून्य झाला, डायरीला जागा उरली नाही म्हणून ती तुटली, आणि वीज गेल्यावर पोस्टग्रेसला उठायलाही जागा उरली नाही.

आता त्या १६ एमबीच्या फायलींविषयी, कारण खरा धोका तिथे होता. व्यापाऱ्याकडे रोजकीर्द आणि खतावणी असते. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवायचा. पोस्टग्रेसही तसंच करतो. बाईंनी नोंद केली की आधी रोजकीर्दीत, म्हणजे त्या ‘पीजी-एक्सलॉग’ फोल्डरात, आणि नंतर मुख्य फायलींत. मध्येच वीज गेली तर खतावणी अर्धवट राहते. पण पुन्हा उठल्यावर तो रोजकीर्द वाचतो आणि राहिलेलं चढवून टाकतो. ती पुसली असती, तर कुठून सुरुवात करायची हेच त्याला कळलं नसतं आणि त्याने हात टेकले असते. जाणकार अशाही अवस्थेतून काही वाचवू शकतात, पण जे वाचेल त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ही चूक आमच्याच गावची नव्हती. नावात ‘लॉग’ दिसलं म्हणून डिस्क भरल्यावर हे फोल्डर पुसणारे इतके निघाले, की पोस्टग्रेस घडवणाऱ्यांनी २०१७ मध्ये १०व्या आवृत्तीत त्याचं नावच बदललं. आता ते ‘पीजी-वॉल’ आहे. एका शब्दामुळे माणसांचं काम बुडतं आणि शब्द बदलला की वाचतं, हे कवीला सुखावणारं आहे. तीस वर्षांच्या कवितेने असं कोणाचं काही वाचवल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे न घडलेली, पण नेहमी आढळणारी दोन कारणं थोडक्यात सांगतो. सर्व्हर एका ठरावीक क्रमांकाच्या खिडकीशी बसतो, त्याला पोर्ट म्हणतात. पोस्टग्रेसची ५४३२, वेबसाइटची ८०. तिथे आधीच कोणी बसलेलं असेल तर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. बहुतेक वेळा तो आधीचा स्वतःच असतो, न मेलेला. आधी कोण बसलंय ते बघावं. ‘किल’ला ९ क्रमांक लावून त्याला एका फटक्यात संपवायची घाई करू नये, कारण त्यात आवराआवर करायला त्याला क्षणही मिळत नाही. तसंच, एक सर्व्हर चालू असताना त्याची लॉक फाईल उडवून दुसरा उठवायचा प्रयत्न करणं म्हणजे एकाच खतावणीत दोन कारकुनांना एकदम लिहायला बसवणं. दुसरं कारण, सेटिंगच्या फाईलमधली एखादी चुकीची ओळ. ती बदलल्यावर लगेच तपासावी. अपाची या वेब सर्व्हरमध्ये तर न चालवता फाईल तपासण्याची सोय आहे, बरोबर असेल तर ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो.

भाच्याने त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. तक्रार बदलली की निराश होऊ नका, एक दार उघडलं आणि आपण दुसऱ्या दाराशी आलो. आम्ही सकाळभर ‘फेल्ड’ हा एकच शब्द बघत होतो, त्यामुळे तक्रार तीनदा बदलली हे आम्हाला कळलंच नव्हतं.

चित्रीकरण बाहेरच्या डिस्कवर हलवलं. मग पुन्हा चालवलं. आधी आलं, डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, दुरुस्ती चालू आहे. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. काही सेकंदांनी आलं, डेटाबेस आता जोडण्या घ्यायला तयार आहे. त्यांनी आदल्या संध्याकाळची शेवटची नोंद शोधली. होती. मग दोन वर्षांपूर्वीची पहिली शोधली. तीही होती.

त्या आठवड्यातच बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जायला लागला, रोज वेगळ्या तारखेच्या नावाने. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, असंही ठरलं. बाई ते इमानाने करतात. कविसंमेलनाची चित्रफीत अजून त्या बाहेरच्या डिस्कवरच आहे. ती पाहायला अद्याप कोणी मागितलेली नाही.