पडद्यावरचा जवान आणि पलटणीतला जवान



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा आणि पाचटाविषयी लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. ज्या गावातला एकही मुलगा फौजेत नाही, असे गाव आपल्या कार्यक्षेत्रात क्वचितच सापडेल. सकाळी प्लॉट पाहणीला निघालो की भरतीसाठी धावणारी पोरे आम्हास रस्त्याला भेटतात. फौजेत कशासाठी जायचे, असे विचारले तर बरीच पोरे कुठल्या तरी सिनेमाचे नाव सांगतात. तेव्हा सिनेमातली फौज कितपत खरी, हे पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसालाच विचारावे असे आम्ही ठरविले.

आमच्या गटात मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक सभासद आहेत. उंचावरच्या चौक्यांवर त्यांनी हिवाळे काढले आहेत. आता दीड एकर ऊस करतात. नाव छापू नका, असे त्यांनी आम्हास बजावले आहे.

"सुभेदारसाहेब, लढाईच्या सिनेमात खोटं काय वाटतं?" असे विचारताच ते म्हणाले, "साहेब, सिनेमात कुणी खड्डाच खणत न्हाई बघा!"

त्यांचे म्हणणे असे. जवान नव्या ठिकाणी पोचला की बंदुकीच्या आधी त्याच्या हातात फावडे येते. ज्याला फौजेत मोर्चा म्हणतात तो खंदक खणायचा, मातीची पोती रचायची, वरून झाकायचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला हत्यार घेऊन सज्ज उभे राहायचे, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येतो. रोज हत्यार साफ करायचे आणि पायांना फोड आहेत का ते वरिष्ठाला दाखवायचे. पाय गेला की जवान गेला! बाकी सगळे वाट पाहणे. महिनोन्‌महिने काहीच घडत नाही, आणि तरीही डोळा लागू द्यायचा नाही. हे दाखवायला गेले तर प्रेक्षक उठून जातील, हेही त्यांना मान्य आहे.

दुसरी गोष्ट आरडाओरड्याची. पडद्यावर नायक भर उन्हात उभा राहून शत्रूला लांबलचक भाषण ऐकवतो. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांवर आपल्या जवानांनी बऱ्याचशा चढाया रात्रीच्या अंधारात केल्या. सोळा-सतरा हजार फुटांवर हवा विरळ, पाठीवर ओझे, वर बसलेला शत्रू. "तिथं दम घ्यायला हवा पुरत न्हाई, डायलॉग कुठनं मारणार?" असे सुभेदार विचारतात. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि जवानाला अंधार, असा हा फरक आहे.

परंतु त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सिनेमा माणसे फार मारतो, असे ते म्हणतात. उदाहरण म्हणून त्यांनी 'बॉर्डर' घेतला. १९९७ सालचा हा सिनेमा राजस्थानातील लोंगेवालाच्या लढाईवर आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानचे चाळीसच्या आसपास रणगाडे त्या ठाण्यावर चालून आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे १२० जवान होते. माघार घेण्याची मोकळीक असूनही ते तिथेच राहिले. ठाणे उंच टेकाडावर होते, भोवती काटेरी तार होती. तार पाहून पुढे सुरुंग पेरले असतील या शंकेने शत्रू थबकला, त्यात त्याचा मोलाचा वेळ गेला. उजाडताच जैसलमेरहून आपली हंटर विमाने आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी टिपले. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले.

सिनेमात या लढाईत एकामागून एक वीर पडताना दिसतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले, अशी नोंद आहे. सुनील शेट्टीने ज्यांची भूमिका केली ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड पडद्यावर धारातीर्थी पडतात. खरे भैरोसिंग त्या रात्री जगले, त्यांना सेना पदक मिळाले, आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे सिनेमाने ज्याला मारले, तो माणूस पुढे एक्कावन्न वर्षे जगला!

सुभेदार म्हणाले, "मेला तोच मोठा, असं पोरांना वाटाय लागतं. आमच्यात, काम फत्ते करून पोरं माघारी आणतो तो अधिकारी मोठा." दोनच जवान गेले यात लढाईचे तेज कमी होत नाही. जागा नीट निवडली, तार बांधली, धीर सोडला नाही, याचे ते फळ आहे असे आम्हासही वाटते.

सगळेच सिनेमे ते नाकारतात असे नाही. १९६४ चा चेतन आनंद यांचा 'हकीकत' त्यांना आवडतो. १९६२ साली लडाखमध्ये अपुऱ्या गरम कपड्यांनिशी लढलेल्या जवानांची थंडी आणि थकवा त्यात दिसतो. त्याच युद्धात रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीतील शंभरांहून अधिक जवान १८ नोव्हेंबरला लढता लढता गेले. तिथे मरण खरे होते, ते वाढवून सांगण्याची गरजच नव्हती. नाना पाटेकर यांच्या १९९१ च्या 'प्रहार'मधील प्रशिक्षणाचा भागही त्यांना पटतो. त्यातला उस्ताद पोरांना रडवतो, कारण इथे रडलेला तिथे वाचतो.

सिनेमा पाहू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या पोराला तो पाहून धावावेसे वाटते, त्याने खुशाल धावावे. मात्र २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के, हे कुठल्याच सिनेमात सांगितलेले नाही. तेव्हा ज्यांच्या घरी भरतीची तयारी चालू आहे, त्या सभासदांनी पोराला एक संध्याकाळ गावातल्या माजी सैनिकाकडे पाठवावे. त्याने पायांविषयी विचारावे, पगार-सुट्टीविषयी विचारावे, चार वर्षांनंतर काय, हेही विचारावे.

आमचे सुभेदार अशा पोरांना पहिला प्रश्न एकच विचारतात, "फावडं धरता येतं का रे?" आपल्या पोरांना ते येते. त्या बाबतीत तरी ती सिनेमातल्या जवानाच्या पुढे आहेत.