आमच्या पद्मिनीचे पट्टे

"गाडीला भोकं पाडायची? मी असेपर्यंत तरी नाही," असं म्हणून मामंजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि घरातली चर्चा तिथंच थांबली. निदान त्या दिवशी तरी थांबली.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. मामंजींनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ह्यांचं बालपण तिच्यात गेलं आणि लग्नानंतर माप ओलांडायला मी आले तीही तिच्यातूनच. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी २००० च्या सुमारास बंद पडली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आमची मात्र अजून चालते. पुढं बाकासारखी लांब सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आणि पट्टे म्हणाल तर नावालाही नाहीत.

नसणारच. आपल्याकडे पुढच्या सीटना पट्टे देणं कंपन्यांना सक्तीचं झालं ते मार्च १९९४ पासून, आणि मागच्या सीटना २००२ पासून. पट्टा न लावल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड आहे खरा, पण ज्या गाडीला पट्टे देणं कायद्यानं भाग होतं तिच्यासाठी. आमच्या गाडीला कुणी पोलीस कधी त्यावरून अडवत नसे, आणि आम्हीही ते सोयीचंच मानून चाललो होतो.

मग गेल्या हंगामात बहिणीकडे बेळगावला निघालो असताना ती गोष्ट घडली. कागलच्या पुढं, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेताच्या वाटेनं सरळ हायवेवर आला. ह्यांनी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, पन्नासच्या आतबाहेर. धाकटी माझ्या मांडीवर होती. मी तिला धरलं होतं, चांगलं दोन्ही हातांनी धरलं होतं. तरी ती माझ्या हातांतून निसटली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डवर आदळलं. तीन टाके पडले. आणि गाडी कुठं आपटलीसुद्धा नव्हती!

आई आहे म्हणजे मूल सांभाळू शकते, हा माझा समज त्या दिवशी कायमचा गेला. आमच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तिथल्या विज्ञानाच्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी मधल्या सुट्टीत खडू घेतला आणि फळ्यावर गणितच करून दाखवलं. ताशी ५० किलोमीटर वेगात असलेली गाडी कशावर तरी आदळून थांबणं म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखं. गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर त्या क्षणी माणसाचा भार वीस पट होतो. आमची धाकटी १४ किलोची. म्हणजे तेव्हा मला पावणेतीन क्विंटलचं पोतं हातात धरून ठेवायला हवं होतं. मी गव्हाचं दहा किलोचं पीठ गिरणीतून आणताना दोनदा खाली टेकवते!

तेव्हापासून मी घरात पट्ट्यांचा घोष लावला. ह्यांची तयारी होती. अडचण होती मामंजींची. गाडीच्या खांबाला नि तळाला भोकं पाडायची हे त्यांना सहनच होईना. "दसऱ्याला महाराजांची मेबॅक दसरा चौकात येते, तिला कुणी आताचे पट्टे लावत बसलंय का?" असा त्यांचा सवाल. आम्हा कोल्हापूरकरांना मेबॅकचं नाव घेतलं की पुढं बोलता येत नाही. तरी मी हळूच म्हटलं, "मामंजी, ती मिरवणुकीत माणसाच्या चालीनं चालते. बेळगावला जात नाही."

ते काही बोलले नाहीत. पण आठवड्यानं धाकटीचे टाके काढायला तेच तिला घेऊन गेले. परत आले आणि ह्यांना म्हणाले, "कुठं कुठं भोकं पाडणार, ते आधी मला दाखवा."

इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. ती इथंच बिघडली.

आम्ही घाई केली. एका गॅरेजवाल्यानं "सकाळी आणा, संध्याकाळी न्या" म्हटलं, आणि आम्ही गाडी दिली. त्यानं पट्टा गुंडाळून घेणारी रिळं सीटच्या मागं तळाला बसवली आणि पट्टा सीटच्या पाठीवरून सरळ खांद्यावर आणला. दिसायला छान. ओढला की यायचा, सोडला की आत जायचा. पण एक पट्टा गाडी जरा तिरकी उभी असली की अडकून बसायचा, अगदी आमच्या दारातल्या उतारावरसुद्धा. म्हणून चौकशी करत करत आम्ही शिवाजी उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी पट्ट्याकडे बघितलंच नाही. आधी खाली वाकले, हातोडीनं तळ वाजवला, आणि एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो सरळ आरपार गेला! २०१९ च्या महापुरात गाडीची चाकं दोन दिवस पाण्यात होती. वरून मॅट, म्हणून गंज कुणाला दिसला नव्हता. आणि बरोबर त्या गंजाच्या शेजारी पट्ट्याचा बोल्ट, खाली नुसता चवलीएवढा वायसर लावून, आवळलेला होता.

"वहिनी, पट्टा चांगलाच हाय," मिस्त्री म्हणाले, "पर पत्रा बिस्किटाच्या डब्याचा. वेळ आली की माणसाचा सगळा भार पत्र्यावर येतोय, पट्ट्यावर न्हवं."

मामंजी शेजारीच उभे होते. त्यांच्या गाडीला चार भोकं पडली होती ती फुकटच. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

मैत्रिणींनो, गाडीचं काम पुरुषांचं म्हणून आपण गॅरेजच्या दारात उभ्या राहतो. यावेळी मी स्टूल घेऊन आत बसले. जे पाहिलं ते सांगते, कारण जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबॅसिडर अजून पुष्कळ घरांत आहे.

पट्ट्याला तीन जागी धरावं लागतं. खांद्याशी, सीटच्या बाहेरच्या अंगाला कमरेशी, आणि आतल्या अंगाला जिथं कुलूप असतं तिथं. हा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या इंजिनिअरनं आणला. हे गृहस्थ आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांचं काम करायचे. कंपनीनं तो पट्टा सगळ्यांना वापरू दिला, म्हणून आज तो जगभर आहे. यातलं खांद्याचं टोक नेहमी खांद्याच्या उंचीवर किंवा थोडं वर हवं. आमच्या पहिल्या गॅरेजवाल्यानं तेच खाली तळाला नेलं होतं. तसं केलं तर धक्का बसताना पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. म्हणजे वाचवायला लावलेला पट्टाच घात करणार!

पद्मिनीच्या दोन दारांमधला खांब आतून पोकळ असतो. मिस्त्रींनी आतल्या बाजूनं तीन मिलिमीटर जाड, तळहाताएवढी लोखंडी पट्टी वेल्ड केली. तिलाच नट पक्का केलेला, कडा गोल घासलेल्या, म्हणजे पत्रा कापला जाऊ नये. तळाचा गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला आणि तिथंही खालून तशाच पट्ट्या. पुढची सीट सलग असल्यानं कुलपं मध्ये, गिअरबॉक्सच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बसवली, आणि बैठक व पाठ यांच्या फटीतून वर घेतली. भोक पाडण्यापूर्वी प्रत्येक वेळी गाडीखाली जाऊन ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायर कुठून गेलीय ते बघितलं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढली, गालिचा काढला, आणि पाण्याची बादली नि वाळू जवळ ठेवली. बोल्ट पट्ट्याबरोबर आलेलेच, सात-सोळांश इंची. घरात पडलेला कुठलाही बोल्ट तिथं चालत नाही.

इतकी मजबुती कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण नव्या गाड्यांच्या परीक्षेत खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी सुमारे १३५० किलोचा ओढा देतात आणि बोल्टची जागा उखडते का ते बघतात. आमच्या गाडीची अशी परीक्षा कुणी घेतलेली नाही, तेव्हा ती नव्या गाडीइतकी सुरक्षित झाली असं मी म्हणणार नाही. तिला एअरबॅग नाही, मानेमागं टेका नाही, आणि हे पट्टे लावल्यानं ती येणारही नाहीत.

आता ते आपोआप गुंडाळणारं रीळ. त्यात एक स्प्रिंग असते, ती पट्टा आत ओढून घेते. खाली वाटीत गोटी ठेवल्यासारखी एक छोटी गोळी असते. गाडी एकदम थांबली की गोळी घरंगळते, वरची खुंटी उचलते, आणि खुंटी दातेरी चाकात अडकते. विहिरीच्या रहाटाला खुंटी घालावी तसंच. शिवाय पट्टा झटक्यानं ओढला तरी तो अडकतो. आता ती गोळी वाटीत नीट बसायची तर रीळ सांगितलेल्या कोनातच बसायला हवं. आमचं वाकडं बसलं होतं, म्हणून दारातल्या उतारावर बिचारी गोळी घरंगळायची! पट्टे घेताना ते आपल्या खांबाच्या कोनाला चालतील ना, हे विचारूनच घ्या. आणि भंगारातल्या गाडीचे पट्टे स्वस्तात मिळतात, ते मात्र घेऊ नका. एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा वरून नवा दिसतो, पण त्याचा दम गेलेला असतो. आमचे ठरल्या दिवाळीच्या दोन साड्यांचे पैसे त्यात गेले. गेले तर गेले.

काम झाल्यावर रविवारी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. आधी हळू ओढून पाहिलं, मग झटका देऊन, मग दहा-पंधराच्या वेगात ब्रेक दाबून. चारही पट्टे जागच्या जागी अडकले.

हो, चार. मागचेही लावले. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी चांगली महागाची. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि तेच दोघे गेले. त्यानंतर मागची सीट म्हणजे सुरक्षित जागा, असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. मांडीवर मूल घेणं आम्ही पूर्ण बंद केलं. धाकटीची बाळखुर्ची मागं पट्ट्यानं बांधलेली असते. थोरला नऊ वर्षांचा, त्याला उंच बैठक दिलीय. नाहीतर मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर येतो. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत ही बैठक लागते.

आपल्याविषयी थोडं. साडीवर पट्टा लावताना पदर आधी नीट सावरून घ्यावा, पट्टा पिळलेला नको, आणि खांद्यावरची मोठी पिन पट्ट्याखाली येऊ देऊ नये. कमरेचा भाग पोटावर नाही, ओटीच्या हाडावर खाली बसला पाहिजे. दिवस गेलेल्या बाईनं तर तो पोटाच्या खालूनच घ्यावा. दिवस आहेत म्हणून पट्टा टाळू नये. पट्टे मळले की साबणाच्या कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून पूर्ण बाहेर ओढलेले सावलीत वाळवा. ब्लीचिंग, रंग, इस्त्री यांतलं काही लावू नका. ओला पट्टा आत गेला की त्याला वास येतो आणि बुरशीही धरते.

एक सूचना ज्यांच्या घरी ह्याहून जुनी गाडी असेल त्यांना, म्हणजे ज्या गोल नाकाच्या गाडीला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात तिच्या मालकिणींना. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत, आणि त्यात गाडीचा मूळ सांगाडा बदललेला चालत नाही. ती नोंदणी करायची असेल, तर भोक पाडायच्या आधी आर. टी. ओ. कचेरीत आणि विमावाल्याकडे विचारा. नंतर विचारून भोक बुजत नाही. आमच्या पहिल्या चारांपैकी दोन भोकं अजून रबरी बूच लावून तशीच आहेत.

परवा पन्हाळ्याला निघालो. मामंजी पुढं बसले, सासूबाई मुलांबरोबर मागं. मामंजींनी पट्टा धरला आणि सवयीनं रागारागानं ओढला. अर्थातच अडकला. "बघा, हे बिघडलंच!" ते म्हणाले. मागून धाकटीनं आपल्या खुर्चीतून सांगितलं, "आजोबा, हळू ओढायचं. रागावलं की ते येत नाही."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, पट्टा सोडला, आणि पुन्हा हळू ओढून घेतला.