सर्टिफिकेट भिंतीवर, नाव मात्र नोंदवहीत नाही!

मिरज हे दवाखान्यांचे गाव. अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले. पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट मिरज जंक्शनवर उतरतात. जिथे दवाखाना, तिथे पेशंटचे अंग पुसणारे, कूस बदलणारे, बेडपॅन देणारे हात लागतातच. हे हात कोणाचे? सांगली-मिरज असो वा सातारा-कराड, खासगी रुग्णालयात रात्रपाळीला एक चक्कर मारा आणि ज्यांना ‘सिस्टर’, ‘मावशी’ अशी हाक मारली जाते त्या मुलीबाळींना त्यांची वस्ती विचारा. उत्तर आम्ही सांगायला नको.

अशीच एक भगिनी आईला घेऊन आमच्याकडे आली. सातारा जिल्ह्यातली, बौद्धवाड्यातली, बारावी कला शाखा झालेली. गावाजवळच्या एका खासगी संस्थेत तिने एक वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स केला. फी पस्तीस हजार. आईने बचत गटातून कर्ज उचलून भरली. पांढऱ्या गणवेशातला फोटो आणि फ्रेम केलेले सर्टिफिकेट बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागले. घरात पहिली नर्स झाली, म्हणून वाड्यात पेढे वाटले गेले.

नोकरी लागली एका खासगी रुग्णालयात. बारा तासांची पाळी, महिना सात हजार, नियुक्तीपत्र नाही. मूळ सर्टिफिकेट ‘ऑफिसात राहू दे’ म्हणून ठेवून घेतले. पहिले काही महिने सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, बीपी घेणे ही सगळी कामे तिच्याकडे होती. मग एप्रिल आला. तिने चौदा तारखेची सुट्टी मागितली. सुट्टी मिळाली, पण पंधरा तारखेपासून ड्युटी बदलली. बेडपॅन, उलट्या पुसणे आणि वॉर्डाचे संडास. तिच्यासोबतच्या, तोच कोर्स केलेल्या इतर मुली होत्या तिथेच राहिल्या. जयंतीच्या सुट्टीने जात कळली, एवढाच काय तो फरक! सेवेत कमीपणा नाही, पेशंटची घाण काढणे हे माणुसकीचेच काम आहे. पण ते कोणाच्या वाट्याला यावे हे आडनाव पाहून ठरत असेल तर ती सेवा नव्हे, ती जुनी बलुतेदारी आहे.

चौदा महिन्यांनी तिने काम सोडले. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार बुडाला. मग एका सरकारी कंत्राटी भरतीची जाहिरात पाहून ती अर्ज घेऊन गेली, तेव्हा समोरून विचारले गेले : परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक? तो तिच्याकडे नव्हता, असणे शक्यच नव्हते. असा काही क्रमांक असतो हे तिला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

येथेच सारी मेख आहे. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचे तर दोन वर्षांचे एएनएम, तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग, तेही मान्यताप्राप्त संस्थेतून, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, ‘रुग्ण सहायक’ ही कामे वेगळी. कौशल्य विकास योजनेतून हे अल्प मुदतीचे कोर्स चालतात आणि नीट शिकवले तर ते निरुपयोगी नाहीत. पेशंट कसा उचलावा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, नाडी-ताप कसा नोंदवावा, हे शिकलेला माणूस घरोघरीच्या म्हाताऱ्यांनाही हवा आहे. पण या सहायकांसाठी परिषदेच्या नोंदवहीत रकानाच नाही! अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने वृद्धाश्रमांतल्या नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि राज्याच्या नोंदवहीत नाव सक्तीचे केले. आमच्याकडे त्याच कामाला कागद देणारी दुकाने आहेत, नोंदवही नाही. म्हणून तिला हवे तेव्हा सिस्टर म्हणायचे आणि पगाराच्या दिवशी मावशी करायचे, ही मालकाला खुली सोय आहे.

१९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णालयात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे असे सांगतो. आमच्या पाहण्यात अशी ठिकाणे आहेत जिथे भिंतीवरच्या यादीत एक नोंदणीकृत सिस्टर असते आणि वॉर्ड चालवतात चार बिननोंदीच्या मुली. उद्या एखाद्या इंजेक्शनने पेशंट दगावला तर पोलीस कोणाला आधी नेतील?

साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला १९१४ व्या क्रमांकावर चढले. वर्गात वेगळे बसवणाऱ्या व्यवस्थेला ते नाव खोडता आले नाही. त्याच जिल्ह्यातल्या आमच्या मुली सव्वाशे वर्षांनंतर नोंदवहीबाहेर उभ्या आहेत, आणि आम्ही मात्र त्यांना पस्तीस हजारांची पावती देणाऱ्या संस्थाचालकाचा सत्कार विहाराच्या व्यासपीठावर करतो. जयंतीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो असतो, कारण वर्गणी त्याची असते. त्याच्या संस्थेला मान्यता कोणाची, हे एकाही कार्यकर्त्याने विचारलेले आमच्या ऐकिवात नाही. हे आपलेच दुखणे आहे, मनुवाद्यांच्या माथी मारून चालणार नाही.

आता कायद्याचे. मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, त्यातून १९४८ चा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. नव्या चार संहितांवर कामगार संघटनांचा राग आहे आणि त्यातला बराचसा रास्त आहे. तरी हाती आलेले हत्यार वापरायचे नाही, असे थोडेच आहे? पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे नियुक्तीपत्र देणे सक्तीचे आहे. जात पाहून अपमान केला, छळले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच; मात्र केवळ ड्युटी बदलली एवढ्यावर त्याची कलमे लागत नाहीत, पुरावा लागतो. आमच्या या भगिनीला आम्ही हे स्पष्ट सांगितले. तिला ते आवडले नाही, आम्हालाही सांगताना आवडले नाही.

वेतनाचा दावा मात्र आम्ही तयार करत आहोत. ती चौदा महिने तिथे होती याचा कागद नव्हता, पण पुरावा निघाला. व्हॉट्सॲपवर आलेले ड्युटीचे तक्ते तिने पुसले नव्हते, आणि दोन वेळा पगार फोन पेवर आला होता.

ज्या भगिनी आज अशाच कामावर आहेत त्यांनी तक्त्याचा, हजेरीच्या पानाचा फोटो काढून ठेवावा, पगार रोख मिळत असेल तर तारीख-रक्कम वहीत लिहावी, मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही कपाटात ठेवू नये. आणि जूनमध्ये मुलीला घेऊन ‘नर्सिंग’च्या पाटीखाली उभ्या राहणाऱ्या आईबापांनी फीची पहिली पावती फाडण्याआधी एवढेच विचारावे : या कोर्सनंतर परिचर्या परिषदेत नाव लागते का, आणि लागत असेल तर मागच्या वर्षीच्या एका मुलीचा नोंदणी क्रमांक दाखवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. ती मिळणार नाही असे संस्था म्हणाली, तर कारण लेखी मागावे.

त्या मुलीचे सर्टिफिकेट अजून त्या ऑफिसातच आहे. ते परत मागणारी नोटीस गेल्या आठवड्यात पोस्टाने गेली.